पूजेच्या माइकवर बोललो ते

त्या बाईची गोष्ट गावात फोडली ती माझ्या विद्यार्थिनीने नव्हे, मी. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. म्हातारपणी माणूस प्रस्तावना करत बसतो आणि मुद्द्यावर येईपर्यंत त्याचा धीर सुटतो. माझा तो बऱ्याचदा सुटलेला आहे.

मी रत्नागिरीत समाजशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतरही शहरातच राहिलो. माझं मूळ गाव आत, लांज्याच्या बाजूला. थोडी भातशेती, थोडे काजू आणि प्रत्येक घरातलं एखादं माणूस मुंबईत. आमच्या वाडीतून प्राध्यापक झालेला मी एकटाच. त्यामुळे गावात गेलो की ओटीवर माझ्यासाठी खुर्ची येते, बाकीचे सतरंजीवर बसतात. या खुर्चीचा पुढच्या सगळ्याशी संबंध आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मोबाइलवरच्या खेळांवर आणि ते खेळणाऱ्यांवर पीएच.डी. करत होती. ती बंदराजवळ वाढलेली, वडील बोटीवर. तिचा मार्गदर्शक मुंबईच्या विद्यापीठातला, पण जिल्ह्यात कुठे जायचं, कोणाला भेटायचं, हे विचारायला ती माझ्याकडे यायची. विषय ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो.

"यावर पीएच.डी. देतात?"

"सर, तुम्ही भजनी मंडळांवर केलीत ना?" ती म्हणाली. "संध्याकाळी माणसं कुठे जमतात, पुढे कोण बसतं, मागे कोण, नवख्याला कोण शिकवतं, चुकला तर कोण शिव्या घालतं. मी तेच बघतेय. टाळांऐवजी बंदुका आहेत."

मग मी हसलो नाही. तिचं काम खरोखर चांगलं होतं. जेटीवर जमणाऱ्या पोरांमध्ये ती कित्येक महिने बसली होती. त्यांच्यातला एखादा बोटीवर कामाला गेला की मागचे त्याचं खातं आळीपाळीने खेळून जिवंत ठेवतात, म्हणजे परत आल्यावर त्याची पायरी खाली गेलेली नसते. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण खातं सांभाळायला कंटाळा करणाऱ्याला टोळीत कोणी घेत नसे. साथीदार जखमी होऊन पडला तर तो पुरता मरेपर्यंत त्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हाही त्यांचा नियम. खेळात तसं काहीच लिहिलेलं नाही. ती हे सांगायची आणि मला माझ्या तरुणपणची भजनी मंडळं आठवायची.

एकदा ती म्हणाली, "सर, तुम्हीही खेळून बघा ना. खेळल्याशिवाय कळत नाही."

"मी लग्नविधींवर लिहिलं तेव्हा प्रत्येक मांडवात मुंडावळ्या बांधून बसलो नव्हतो," मी म्हणालो. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्या वाडीतल्या बायका खेळतात हे मला माझ्या चुलतभावजयीकडून कळलं. मी विद्यार्थिनीला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. आतापर्यंत तिला फक्त मुलगे भेटले होते. मीच तिला गावी घेऊन गेलो आणि ओळख करून दिली, "ही माझ्या मुलीसारखी. हिच्याशी बोलायला हरकत नाही." माझ्या या शब्दावर त्या बायका तिच्याशी बोलायला तयार झाल्या.

वाडीत खाली फोन लागतो, पण इंटरनेटची रेंज येत नाही. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, येते. त्यामुळे संध्याकाळी गुरं परत आणायला म्हणून चार-पाच जणी वर जायच्या आणि कातळावर बसून खेळायच्या. गुरं आपली चरत असायची. पहिल्या दिवशी मीही वर गेलो होतो. थोडा वेळ त्या लाजल्या, मग विसरल्या. खेळाची सुरुवात विमानातून खाली उडी मारून होते.

"अगो, उडी मार की! विमान गेला पुढं!"

"मारली. पण ह्या वैनी कुठं पडल्या बघ. पार पाण्यात."

"पाण्यात नाय गो, घरावर पडलंय. कौलं फुटली असतील त्यांची."

"फुटू देत. आपल्या घराची कोणी दुरुस्त करत नाय, त्यांची कोण करतंय!"

हसून हसून एकीचा फोन हातातून पडला. मी इतकी वर्षं त्या गावात येतोय, पण त्या बायका अशा हसलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. आमच्यासारख्यांसमोर त्या पदर सावरून उभ्या राहतात आणि विचारलं तेवढंच बोलतात.

त्यांच्यातली एक फारशी बोलत नव्हती. तिशीतली असेल. खेळात ती सगळ्यांत तरबेज, हे मलाही बघून कळलं, कारण अडलं की बाकीच्या तिच्याकडे फोन द्यायच्या. तिचा नवरा मुंबईत एका मालाच्या गोदामात कामाला होता. तो रोज संध्याकाळी कामावरून आला की दोघं एकाच टोळीत खेळायची, ती सड्यावरून आणि तो मुंबईतून. कानात माइकचे इअरफोन घालून खेळतात, त्यामुळे बोलताही येतं. घरी फोन लावला तर आधी सासू, मग मुलं, मग शेजारचे, आणि बायकोच्या वाट्याला "बरं हाय ना" एवढंच. खेळात मात्र तासभर दोघंच.

त्या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. खाली पडतो, रांगत राहतो, आणि तेवढ्या वेळात साथीदाराने येऊन त्याला उठवलं तर वाचतो. त्या याला 'उचलणं' म्हणत. नवऱ्याबरोबर खेळताना ही बाई रोज पडायची आणि नवरा तिला उचलायचा. "थांब, हलू नको, मी येतोय," असं तो ओरडायचा. मग उचलल्यावर सांगायचा, "माझ्याशिवाय तुझं कसं होणार गं?"

ती मुद्दाम पडायची. बऱ्याच दिवसांच्या ओळखीनंतर तिने माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं. ती नवऱ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची. नवरा कामावर असताना, दुपारी एकटी सड्यावर जाऊन, ती दुसऱ्या खात्यावरून, पुरुषाचं नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळायची आणि तिथे तिला कोणी सहसा पाडू शकत नसे. पण संध्याकाळी ती उघड्यावर जाऊन उभी राहायची, गोळी खायची आणि वाट बघायची. "दिवसभर गोदामात त्यांना कोण विचारत नाय, मॅडम," ती म्हणाली होती. "मला उचलला की आवाज कसा होतो बघा त्यांचा."

हे सगळं विद्यार्थिनीने मला माझ्या घरी, दुपारच्या चहावर सांगितलं. तिला हे लिहायचं होतं आणि लिहायची भीतीही वाटत होती.

"सर, लिहू की नको? नाव नसेलच. तरी."

मी विचार करून उत्तर दिलं. तो विचार खरा होता. म्हणालो, "लिहू नकोस. त्या दोघांची आपसातली गोष्ट आहे. तिने तुला बाई म्हणून सांगितलीय."

तिला हायसं वाटलेलं दिसलं. चहा पिऊन ती गेली.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीत सार्वजनिक पूजा होते. मुंबईतलं आमच्या गावाचं मंडळ ती करतं. दुपारी महाप्रसाद, मग मुलांचा गुणगौरव, बायकांचं हळदीकुंकू. त्या वर्षी गुणगौरवाला मला प्रमुख पाहुणा केलं होतं. मांडवात पुढे मंडळाचे पुरुष, उजवीकडे बायका, मागे उभी असलेली तरुण मंडळी. उकाडा भयंकर आणि पंखा फक्त व्यासपीठावर.

माझ्या आधी जो वक्ता बोलला त्याने मोबाइलला झोडपलं. पिढी बिघडली, सुना बिघडल्या, सड्यावर बसून काय करतात आम्हाला माहीत आहे वगैरे. सुना म्हटल्यावर बायकांच्या बाजूला माना खाली गेल्या. मला राग आला. तो राग खरा होता, हेही नोंदवून ठेवतो. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं या प्रकरणात तेवढंच आहे.

मी उठलो आणि म्हणालो की खेळाचा अभ्यास केल्याशिवाय बोलू नये. खेळात माणसं एकमेकांना सांभाळतात. जेटीवरच्या पोरांचं सांगितलं. लोक पेंगत होते. कोणीतरी घड्याळ बघितलं. वर्गात मुलं पेंगायला लागली की शिक्षक हातचा राखून ठेवलेला दाखला काढतो, तसा मी काढला.

"मुरुड-आंजर्ल्याकडे एक बाई आहे," मी सुरुवात केली.

गाव बदललं. समुद्राकाठचं केलं, आमच्यापासून लांबचं. नवऱ्याचं गोदाम काढून हॉटेल केलं. मला वाटलं, झाकलं सगळं. आणि मग ती गोष्ट मी रंगवून सांगितली, आवाज काढून. नवरा मुंबईतून ओरडतो, "थांब, हलू नको, मी येतोय!" आणि ही पदर सावरून गोळीच्या समोर उभी. मांडव हसला. निवृत्त झाल्यापासून इतकी माणसं माझ्या बोलण्यावर हसली नव्हती. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

मुंबईत आमच्या गावाची खोली आहे. मीही शिकायला गेलो तेव्हा त्याच खोलीत राहिलो होतो. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळतं. आता पूर्वीइतकी माणसं तिथे राहत नाहीत, पण जी राहतात ती तशीच राहतात. तो नवरा तिथेच राहायचा. रोज संध्याकाळी खोलीतल्या सगळ्यांसमोर, कानात इअरफोन घालून, तो हेच वाक्य ओरडायचा. ते सगळे मांडवात बसले होते. मी गाव बदललं, काम बदललं आणि तेवढं एक वाक्य जसंच्या तसं ठेवलं. परक्या माणसाला ही चूक कळली नसती तर समजण्यासारखं होतं. मी त्या खोलीत झोपलेला माणूस होतो.

दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणताना मी पुरुषांच्या रांगांकडे बघत होतो. तो नवरा तिसऱ्या-चौथ्या रांगेत होता आणि तोही हसत होता. मनापासून, तोंड उघडं टाकून. मग त्याच्या शेजारच्याने त्याच्याकडे वळून बघितलं. मग पुढच्याने. त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, आणि त्याने मान वळवून बायकांच्या बाजूला बघितलं.

मी बक्षिसं वाटली, नारळ घेतला, खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईची सासू माझ्या ओटीसमोर येऊन उभी राहिली. भावकीतलीच, माझ्याहून वयाने मोठी. बस म्हटलं तर बसली नाही.

"काय वो भावजी, माइकवर बोललात ती आमची सून ना?"

"नाही हो वैनी. मी आंजर्ल्याकडचं—"

"लोकं काय येडी हायत? रातपासून पोरगा जेवलेला नाय. ती कोपऱ्यात बसलीय. तुम्हाला कोणी सांगितला ह्या?"

ओटीवर मंडळाचे अध्यक्ष बसले होते, माझा पुतण्या होता, आणखी दोघंतिघं होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीत होतो.

"त्या मॅडमच्या अभ्यासात आहे ते," मी म्हणालो. "छापून येणार आहे. मला वाटलं, उघडच आहे."

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "म्हणून बोलत होतो, बाहेरची माणसं घरात घेऊ नयेत. सरांचा काय दोष?"

सासू माझ्याकडे बघत राहिली. मग "बरा," एवढं म्हणून गेली.

मला ते वाक्य परत घेता आलं असतं. ती पायवाटेने वळेपर्यंत मला दिसत होती. हाक मारली असती तर थांबली असती.

नवऱ्याने बायकोवर हात उगारला नाही, फोनही हिसकावला नाही. त्याने आपल्या फोनमधून तो खेळ काढून टाकला आणि सुट्टी संपायच्या आधीच मुंबईला गेला. त्यानंतर तो घरी आईला फोन करायचा आणि मुलांना. खोलीत त्याला चिडवत होते हे मला पुतण्याकडून कळलं. जिन्यावर कोणी ठेचकाळलं की बाकीचे म्हणायचे, "हलू नको रे, ह्याला बोलवा, हा उचलतोय." काही महिन्यांनी त्याने खोली सोडली आणि कामाच्या ठिकाणीच झोपायला लागला.

विद्यार्थिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. जूनच्या आधी ती एकदा सड्यावर गेली तर तिथे कोणी नव्हतं. वाडीत उतरली तर दारं आतून लावलेली. पाणवठ्याच्या वाटेवर एक बाई भेटली, पहिल्या दिवशी हसून फोन पाडणारी. ती म्हणाली, "मॅडम, आता कोणाला पाडायला आलात?"

तिने मला फोन केला. रडत नव्हती, पण आवाज बारीक झाला होता.

"सर, मी कुठे लिहिलंय? मी कोणाशी बोलले? फक्त तुमच्याशी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पूजेत तुम्ही सांगितलंत म्हणे."

"ओघात आलं."

"आणि मी छापणार आहे असंही?"

ओटीवर काय घडलं ते मी तिला सांगितलं, जरा सौम्य करून. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही त्यांना खरं सांगाल ना? माझं कोणी ऐकणार नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. पावसाळा होता, मग गणपती आले, गणपतीत असले विषय कशाला, मग भातकापणी. प्रत्येक वेळी कारण मिळालं. गावी गेलो की खुर्ची येत होती. ती खुर्ची येणार नाही अशी वेळ मला नको होती, खरं कारण हेच. विद्यार्थिनी माझ्यामुळे खोटी ठरली होती आणि तिला गावात कोणी नव्हतं, मला अख्खं गाव होतं. तरीही गप्प बसलो तो मी. तीसुद्धा वाडीत जाऊन "सरांनीच केलं" असं कधी म्हणाली नाही. मी तिचा शिक्षक होतो म्हणून असेल.

बायकांचं प्रकरण तिने प्रबंधातून काढून टाकलं. तिची मौखिक परीक्षा झाली तेव्हा तिने मला आग्रहाने बोलावलं आणि मी गेलो, पुढच्या रांगेत बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या जिल्ह्यात स्त्रिया खेळत नाहीत का?"

ती म्हणाली, "खेळतात सर. माझ्याकडे त्याची सामग्री नाही."

"मग ही प्रबंधातली मोठीच उणीव म्हणायची."

"हो सर. उणीव आहे."

ती माझ्याकडे बघेल म्हणून मी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत डोळे घातले. नंतर पेढे वाटताना ती माझ्यापर्यंत आली, वाकून नमस्कार केला आणि पेढा हातावर ठेवला. पदवी मिळाली. ती एका महाविद्यालयात शिकवायला लागली. पण आमच्या भागात, आणि पुढे रत्नागिरीतल्या माझ्या ओळखीच्या मंडळींतही, तिचं नाव निघालं की कोणीतरी हटकून म्हणायचं, "तीच ना, बायकांकडून घरातलं काढून घेऊन छापणारी?" मी तिथे असायचो. चहा पीत असायचो.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरात पडून होतो. वाचून डोळे दुखायला लागले. तेव्हा मी तो खेळ फोनवर घेतला. ज्याच्यावर मी भाषण केलं होतं, तो मी तोपर्यंत एकदाही खेळलो नव्हतो.

पहिले कित्येक दिवस मी जमिनीवर उतरताच मरायचो. टोळीतली अनोळखी पोरं मला शिव्या घालायची. माझा आवाज ऐकल्यावर एकाने विचारलं, "काका, नातवाचा फोन घेतलात काय?" हळूहळू थोडं चालता आलं. मग एकदा एका शेताच्या बांधावर मला गोळी लागली आणि मी पडलो. पडल्यावर दिसतं ते विचित्र असतं. सगळं खालून दिसतं, हात चालत नाहीत, फक्त रांगता येतं, आणि आयुष्याची रेघ भरभर कमी होते. मी फोन ठेवणार होतो. तेवढ्यात टोळीतला एक पोरगा धावत येऊन माझ्याजवळ गुडघ्यावर बसला. उचलायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ उचलणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही, हलता येत नाही, तो स्वतः उघड्यावर असतो. मला उठवून झालं आणि त्याच क्षणी तो पोरगा गोळी लागून गेला. मी उभा राहिलो. माइकवरून तो म्हणाला, "जाऊ दे काका, पळा तुम्ही."

हे मला माहीत नव्हतं. मी मांडवात सांगितलेल्या गोष्टीत नवरा भोळसट होता आणि बायको हुशार, आणि लोक त्याला हसले होते. रोज संध्याकाळी तो माणूस स्वतः मरायची शक्यता पत्करून तिच्याजवळ येऊन बसत होता, आणि ती त्याला तेवढं करू देत होती. दोघांनाही त्यातलं आपापलं काहीतरी मिळत होतं. विद्यार्थिनीला हे कळलं होतं, कारण ती खेळत होती. मी तिच्याकडून गोष्ट उचलली होती आणि त्यातलं हेच मागे ठेवलं होतं.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर मी गावी गेलो. मेचे दिवस होते. ती बाई मागच्या पडवीत रातांबे फोडत बसली होती, कोकमं घालायची होती. कोपरापर्यंत हात लाल झालेले. सासू आता अंथरुणावर असते, आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी बोलायला लागलो तेव्हा तिने मान वर केली नाही. सगळं सांगितलं. मॅडमनी मला विश्वासाने विचारलं होतं, मीच लिहू नको म्हणालो होतो, मग मीच मांडवात बोललो, आणि तिच्या सासूला खोटं सांगितलं.

तिने एक रातांबा फोडला, बिया काढून टोपात टाकल्या, साल परातीत. मग दुसरा.

"मॅडम नाय बोलल्या काय," ती म्हणाली.

"नाही."

"मी त्यांना किती बोल्ले मनातल्या मनात. रोज."

"चूक माझी आहे. तुझी क्षमा—"

"मला इथं पडवीत सांगून काय होणार?" आता तिने वर बघितलं. "बोललात ते माइकवर. सगळ्या गावासमोर. आणि आता खोटं होतं ते कोपऱ्यात येऊन सांगताय?"

मी पडवीच्या खांबाला टेकलो.

"परवा पूजा हाय. माइक असंल. आमचं नाव काढू नका, आमच्या ह्यांचं नको, खेळाचं नको. मॅडमनी कोणाला काय सांगितलं नव्हतं, खोटं मी बोल्लो, एवढंच बोला. जमंल?"

"जमेल."

"बघू," ती म्हणाली आणि परात पुढे ओढली.

अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, लोक विसरले. कशाला उकरता? तुमचाच मान जातो." दुसरा एक कार्यकर्ता हसत म्हणाला, "सरांना भाषणाची हौस, दुसरं काय." शेवटी गुणगौरव आणि हळदीकुंकवाच्या मध्ये दोन मिनिटं मिळाली. पाहुणा दुसराच होता, मी खालून काठी टेकत वर गेलो.

माझं बोलणं तिने सांगितलं त्याहून फार लांबलं नाही. काही वर्षांपूर्वी याच माइकवर मी एक गोष्ट सांगितली, ती सांगायचा मला अधिकार नव्हता. ती कोणी छापलेली नव्हती आणि छापणारही नव्हतं. त्या मॅडमवर दोष आला तो माझ्या खोटं बोलण्यामुळे. त्यांनी तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास मोडलेला नाही. मी मोडला.

कोणी हसलं नाही. मागून एक तरुण आवाज आला, "सर, मग तेव्हा का नाय बोललात?" कोणीतरी त्याला गप्प केलं. प्रश्न बरोबर होता. मी माइकवरच म्हणालो, "घाबरलो होतो." आणि उतरलो. बायकांच्या बाजूला बघायचं धाडस झालं नाही.

मांडवाबाहेर तो नवरा उभा होता. केस पांढरे व्हायला लागले होते. मी थांबलो.

"सर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "लोकं विसरत आली होती. आज परत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं."

"त्या मुलीवर आळ होता," मी म्हणालो.

"ते कळलं. तिचं बरोबर केलंत." तो मांडवाकडे बघत होता. "पण माझं तुम्ही दोनदा केलंत."

मी त्याला विचारलं की हे लिहू का, कारण पूजेला नसलेल्या, रत्नागिरीतल्या लोकांमध्येही तिच्याबद्दल तेच बोललं जातं. मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला, "लिहा. खोली, गोदाम, काय लिहायचं ते लिहा, थोडं इकडचं तिकडं करा. मला वाचून दाखवू नका म्हणजे झालं." त्याच्या बायकोलाही विचारलं. तिने काही गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या आहेत. कोणत्या, ते इथे येणार नाही.

विद्यार्थिनीला मी फोनवर सगळं कळवलं. ती "बरं झालं सर," म्हणाली. बाकी काही नाही. उशीर झाला असंही म्हणाली नाही. ते मी तिच्या वतीने म्हणतो. तिच्या प्रबंधातली ती उणीव माझी आहे, तिच्या अभ्यासाची नव्हे.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. वाडीतून तिला निरोप आला होता, त्याच बाईचा. ती गेली होती. पडवीत बसवलं, चहा दिला. बाई म्हणाली, "विचारा मॅडम काय विचारायचं ते. पण सरांना सांगणार नसाल तर."

"मी हो म्हणाले, सर," विद्यार्थिनी म्हणाली.

"बरोबर केलंस."

"पुन्हा जाणार आहे पुढच्या महिन्यात. बाकीच्या पण बोलायला तयार आहेत."

"छान," मी म्हणालो.

मग आम्ही माझ्या गुडघ्याबद्दल बोललो, तिच्या महाविद्यालयाबद्दल बोललो. ती दोघं परत एकत्र खेळतात का, हे मला फार विचारावंसं वाटत होतं. तिला माहीत असणार. मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.